विहिरीत घाण येते कुठून?

"आमच्या विहिरीत कुणी कचरा टाकत नाही, मग पाणी खराब कसं झालं?" तपासणीचा अहवाल हातात पडला की गावोगाव हा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्तच आहे. पाणी नितळ असतं, गार असतं, चवीला गोड असतं, आणि कागदावर मात्र 'पिण्यास अयोग्य' असा शेरा. विहिरीत तोंडातून पडणारी घाण आपल्याला दिसते, म्हणून आपण तिच्याबद्दलच बोलतो. बरीचशी घाण मात्र जमिनीखालून येते, आणि कधी कधी ती निघालेली असते अशा जागेहून, जी विहिरीवरून दिसतही नाही. तिची वाट आपण सुरुवातीपासून बघू.

आधी खडक. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेल्या काळ्या दगडाचा आहे. विहीर खणताना वर माती लागते, मग मुरूम, त्याखाली भेगाळलेला किंवा मांजऱ्या दगड आणि मग काळा पाषाण. अखंड पाषाणात पाणी जवळजवळ नसतंच. ते असतं मुरुमात, भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या सांध्यांत. पाण्याला साठवून धरणाऱ्या या थराला जलधर म्हणतात.

इथेच पहिला गैरसमज होतो. जमीन पाणी गाळते असं आपण गृहीत धरतो. वाळूच्या जाड थरातून पाणी हळूहळू झिरपत गेलं तर ते बऱ्यापैकी गाळलं जातंही. भेगेतून मात्र पाणी सरळ धावतं. त्यामुळे मातीचा थर हात-दीड हाताचा आणि खाली उघडा मुरूम असेल, तर वर सांडलेलं पाणी थोड्याच वेळात विहिरीच्या झऱ्यात पोचू शकतं. आपल्याकडच्या विहिरींच्या बाबतीत ही गोष्ट कायम ध्यानात ठेवायला हवी.

आता घाणीकडे. सगळी घाण सारखी वागत नाही. शिशासारखे काही धातू मातीच्या कणांना चिकटून राहतात, फार लांब जात नाहीत. जंतू गाळले जातात, मरतात, पण भेग मिळाली तर दूरवर पोचतात. काही पदार्थ असे असतात की ते पाण्यात पूर्ण विरघळतात, मातीला चिकटत नाहीत, आणि पाणी जाईल तिथे जातात. अशांपैकी आपल्या विहिरींत सर्रास सापडणारा पदार्थ म्हणजे नायट्रेट. नत्राचं, म्हणजे नायट्रोजनचं, ते पाण्यात सहज विरघळणारं रूप आहे. त्याला रंग नाही, वास नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त आढळलं. महाराष्ट्रात हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक होतं.

नायट्रेट तयार कसं होतं ते युरियाच्या एका गोणीवरून पाहू. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे सुमारे २०.७ किलो. युरिया ओल्या मातीत पडला की काही दिवसांत त्याचा अमोनियम होतो. अमोनियमचा कण धन भाराचा आणि मातीचे चिकण कण ऋण भाराचे, म्हणून तो मातीला धरून राहतो. इथवर सगळं ठीक. पण मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट ऋण भाराचं. माती त्याला धरत नाही. पिकाच्या मुळांनी ते उचललं तर उचललं, नाहीतर पुढच्या पाण्याबरोबर ते मुळांच्या खाली उतरतं. तिथून वर आणणारं कुणी नाही.

थोडा हिशेब करू. गोणीतल्या नत्राचा फक्त दहावा हिस्सा, म्हणजे दोन किलोच्या आसपास, असा खाली उतरला, तर त्यापासून साधारण नऊ किलो नायट्रेट होतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा आहे लिटरला ४५ मिलिग्रॅम. तेव्हा एवढंसं नायट्रेट दोन लाख लिटर स्वच्छ पाण्याला मर्यादेपर्यंत नेऊन ठेवायला पुरेसं आहे. एका गोणीचा दहावा हिस्सा! गावच्या शिवारात हंगामाला किती गोण्या पडतात, ते आपणच मोजून पाहावं.

चूक बहुतेकदा खताच्या एकूण प्रमाणाइतकीच वेळेचीही असते. पेरणीनंतर एकदम मोठा हप्ता द्यायचा आणि लगेच जोराचा पाऊस यायचा. किंवा उसाला युरिया फोकायचा आणि मागोमाग सरी तुडुंब भरतील इतकं पाटपाणी सोडायचं. दोन्ही वेळा नत्र पिकाच्या आधी खाली पळतं. तेच खत तीन-चार हप्त्यांत विभागून, मातीत झाकून, बेताच्या पाण्याबरोबर दिलं तर पिकाला जास्त मिळतं आणि विहिरीला कमी.

सगळा दोष शेताच्या माथी मारणं मात्र बरोबर नाही. पाच माणसांच्या कुटुंबाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण दहा ते पंधरा किलो नत्र बाहेर पडतं. युरियाच्या अर्ध्या-पाऊण गोणीइतकं नत्र झालं हे, आणि ते विस्तीर्ण शेतात नाही तर घरामागच्या एकाच खड्ड्यात, रोजच्या रोज, पाण्यासकट जातं. त्यात गोठ्याचं मूत आणि उकिरड्याचा पावसाळी निचरा मिळवला की गावठाणातल्या विहिरींचं नायट्रेट शेतातल्या विहिरींपेक्षा जास्त का निघू शकतं, ते कळतं.

सेप्टिक टँकचं बांधकाम नीट समजून घ्यायला हवं. खरा सेप्टिक टँक तळासकट पक्का, पाणी न झिरपणारा असतो. त्यात दोन किंवा तीन कप्पे असतात. गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर राहते आणि मधलं पाणी पुढे शोषखड्ड्यात जातं. आपल्याकडे खर्च वाचवायला अनेकदा तळ उघडा ठेवतात. मग 'आमची टाकी वीस वर्षांत भरली नाही' असं मालक कौतुकाने सांगतात. टाकी भरत नाही याचा अर्थ ती गळते आहे. नीट बांधलेली टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागतेच.

विहीर आणि शोषखड्डा यांत निदान पन्नास फूट अंतर असावं असा सर्वसाधारण संकेत आहे. तो पाळावाच. पण भेगाळलेल्या खडकात एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. खड्डा उताराच्या वरच्या अंगाला असेल आणि त्याचा तळ भूजलाला जवळजवळ टेकत असेल, तर शंभर फूटही अपुरे पडू शकतात. म्हणून अंतर मोजण्याआधी उतार पाहा. आणखी एक करता येईल. पावसाळ्याच्या सुरुवातीला, विहिरीची पातळी अजून खाली असताना, कठड्यापाशी नीट उभं राहून आतल्या भिंतीकडे बघा. पाझर कुठल्या बाजूने फुटतो, ओली काळपट रेघ मुरुमाच्या कुठल्या पट्ट्यातून उतरते, तिच्यावर शेवाळं किंवा करडा चिकट थर आहे का, हे सकाळच्या तिरप्या उन्हात स्पष्ट दिसतं. ती रेघ ज्या बाजूला, त्या बाजूला वर काय आहे ते पाहायला चालत जावं. बऱ्याचदा तिथे न्हाणीघराचं उघडं गटार, उकिरडा किंवा शौचालयाचा खड्डा सापडतो.

कारखान्यांची घाण संख्येने कमी ठिकाणी असते, पण जिथे असते तिथे पिढीभराचं नुकसान करते. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. तिथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस एच-ॲसिड, म्हणजे कापडाचे रंग बनवायला लागणारं रसायन, तयार करणारा उद्योग काही काळ चालला. काम थोड्याच काळात बंद पडलं, पण सुमारे २,४०० टन विषारी गाळ आवारात आणि आसपास उघड्यावर राहिला. पावसाचं पाणी त्यातून झिरपत राहिलं. साठेक विहिरींचं पाणी गडद रंगाचं होऊन माणसांना, जनावरांना आणि शेतीलाही निरुपयोगी झालं. नागपूरच्या नीरी या संस्थेने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, तिथल्या नुकसानीचा अभ्यास केला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल देताना, प्रदूषण करणाऱ्यानेच सफाईचा आणि भरपाईचा खर्च सोसावा, हे तत्त्व लागू केलं. या प्रकरणाचा विचार करताना मला दरवेळी वाटतं की कारखाना बंद झाला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणं ही मोठी फसवणूक आहे. धुराडं थांबतं तेव्हा गाळाचा ढीग तिथेच असतो आणि पावसाळा दरवर्षी येतो.

आपल्याकडे साखर पट्ट्यात मळीच्या पाण्याचा प्रश्न ओळखीचा आहे. मद्यार्क काढून उरलेलं हे तपकिरी पाणी विषारी रसायन नसतं, त्यात सेंद्रिय पदार्थ ठासून भरलेले असतात. ते नाल्यात सुटलं की जिवाणू ते खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे मरून वर येतात. ते कच्च्या खड्ड्यात साठवलं आणि खाली झिरपलं, तर जलधरातलाही प्राणवायू संपतो. मग खडकातलं लोह आणि मँगनीज विरघळायला लागतं. उपसलेलं पाणी सुरुवातीला स्वच्छ दिसतं, पण हंड्यात काही वेळ ठेवलं की तांबूस होतं. अशा वेळी 'आमच्याकडच्या जमिनीतच लोह आहे' म्हणून विषय सोडून देऊ नये. पूर्वीपासून तसं होतं की अलीकडे सुरू झालं, हे जुन्याजाणत्यांना विचारावं.

अगदी वाईट प्रकार म्हणजे सांडपाणी जुन्या विहिरीत किंवा बंद पडलेल्या बोअरमध्ये सोडणं. काही घरं, मंगल कार्यालयं, छोटे उद्योगही हे करतात. गटार नाही म्हणून सोय होते. माती आणि मुरूम जी काही थोडीफार गाळणी करतात तीही यात टळते आणि घाण थेट जलधरात जाते. हा कुणाचा खासगी मामला नाही. तोच जलधर शेजारच्या दहा विहिरींना पाणी देतो.

सद्हेतूने केलेलं पुनर्भरणही कधी कधी अंगाशी येतं. छतावरचं पावसाचं पाणी गाळून विहिरीत सोडणं चांगलं. शेतातलं वाहतं पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून बोअरमध्ये उतरवणं वेगळं. वाळू गाळ अडवते, नायट्रेट किंवा विरघळलेलं तणनाशक अडवत नाही. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी तर कधीच आत घेऊ नये. उन्हाळाभर साचलेलं शेण, खत, रस्त्यावरचं तेल त्यातच असतं.

समजा, विहिरीपर्यंत सारं ठीक आहे. पुढे टाकी आणि नळ. गावात पाणी चोवीस तास नसतं, ठरावीक वेळी येतं. पाणी बंद झालं की नळवाहिनी रिकामी होत जाते आणि तिच्यातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. त्या क्षणी वाहिनी गटारातून किंवा गटारालगत जात असेल आणि तिला बारीक चीर असेल, तर बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. नळाला थेट टुल्लू पंप लावला की ही ओढ आणखी वाढते. एकट्या घराला पाणी जास्त मिळतं आणि सगळ्या गल्लीच्या पाण्यात गटार मिसळण्याची शक्यता निर्माण होते. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटं ते गढूळ किंवा वासाचं येतं ते बहुधा याचमुळे. ते पाणी पिण्यासाठी भरू नये.

यावरचा उपाय क्लोरीन, म्हणजे गावच्या भाषेत टीसीएल पावडर. ती वापरताना तीन चुका नेहमीच्या. एक, गोणी उघडी आणि दमट जागी ठेवणं. क्लोरीन उडून जातो आणि उरतो चुना. दोन, कोरडी पावडर सरळ टाकीत उधळणं. ती बादलीत कालवून, चुना तळाशी बसू देऊन, वरची निवळी टाकायची असते. तीन, पावडर टाकल्या टाकल्या पाणी सोडणं. जंतू मरायला निदान अर्धा तास द्यावा लागतो.

क्लोरीन पुरेसा आहे की नाही, ते ओटी चाचणीने कळतं. नळाच्या शेवटच्या घरी नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे आणि पिवळी छटा येते का ते बघायचं. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असायला हवा. चाचणी टाकीपाशी करून समाधान मानण्यात अर्थ नाही, शेवटच्या घराचं पाणी महत्त्वाचं. आणि एक खूण लक्षात ठेवा. नेहमीइतकीच, चांगली पावडर टाकूनही पिवळा रंग येईनासा झाला, तर पाण्यात क्लोरीन खाणारं काहीतरी नव्याने मिसळत आहे. सेंद्रिय घाण आणि अमोनिया क्लोरीन संपवतात. अशा वेळी मात्रा वाढवायचीच, पण घाण कुठून शिरली तेही त्याच दिवशी शोधायचं. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गुलियन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा नांदेडगावच्या विहिरीचं पाणी आणि त्यातला क्लोरीन हाच चौकशीचा विषय झाला होता. शहराला खेटून असलेल्या वस्त्याही अजून विहिरींवर अवलंबून आहेत, हे त्यातून अनेकांना पहिल्यांदाच कळलं.

क्लोरीन जंतू मारतो. नायट्रेटला, क्षारांना, रसायनांना तो काही करत नाही. तुरटी गढूळपणा खाली बसवते, एवढंच. उकळण्याने तर नायट्रेट वाढतं, कारण पाण्याची वाफ होते आणि नायट्रेट भांड्यातच राहतं. ही बाब तान्ह्या बाळांच्या घरी तर नीट समजायला हवी. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं दूध पाण्यात कालवून दिलं आणि त्या पाण्यात नायट्रेट जास्त असलं, तर पोटात त्याचं नायट्राइट होतं. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहू देत नाही. ओठ, नखं निळसर दिसू लागतात. 'पाणी चांगलं उकळून दिलं होतं' हे सांगून भागत नाही. अशा घरात बाळासाठी दुसऱ्या, तपासलेल्या स्रोताचं पाणीच वापरावं. आरओ यंत्र बरंचसं नायट्रेट काढतं, मात्र त्यातून निघणारं टाकाऊ पाणी सर्व क्षार घेऊन बाहेर पडतं. ते विहिरीजवळच्या मातीत सोडलं तर फेरा पुन्हा सुरू होतो.

तपासणीसाठी नमुना घेताना बऱ्याच अहवालांची वाट लागते. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी. जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यायची आणि ती विसळायची नाही. उरलेला क्लोरीन निष्प्रभ करणारा पदार्थ तिच्यात घातलेला असतो. ती पूर्ण न भरता वर थोडी जागा ठेवावी, बर्फात घालावी आणि २४ तासांच्या आत पोचवावी. शीतपेयाची रिकामी बाटली धुऊन नेऊ नये. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, नमुना घेतला तर तुलना करता येते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक यात मदत करतो. आरोग्य विभाग गावातल्या स्रोतांची पाहणी करून पंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. लाल म्हणजे साथीचा धोका जास्त. आपल्या गावाला कुठलं मिळालं ते ग्रामसभेत विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

अहवाल वाचताना आधी एकक पाहा. काही प्रयोगशाळा 'नायट्रेट' लिहितात, काही 'नायट्रेट-नायट्रोजन'. दुसऱ्यात फक्त नत्राचं वजन धरतात, म्हणून तिथे मर्यादा साधारण १० येते. समोर २० हा आकडा बघून 'पंचेचाळीसच्या आत आहे' असं म्हटलं, तर प्रत्यक्षात पाणी मर्यादेच्या दुप्पट खराब असू शकतं. मग क्लोराइड पाहा. मिठामुळे ते मलमूत्रात आणि सांडपाण्यात भरपूर असतं. नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही शेजारच्या विहिरींपेक्षा बरेच वर असतील तर शौचालय आणि गटाराकडे बोट जातं. नायट्रेट वर आणि क्लोराइड नेहमीइतकंच असेल तर खताकडे. पोटॅश खतातही क्लोराइड असतं, त्यामुळे हा पुरावा नव्हे, पण शोध कुठून सुरू करायचा ते यावरून ठरवता येतं.

कारण सापडल्यावर ते बंद करावं लागतं: उकिरडा उताराखाली हलवणं, टाकीचा तळ पक्का करणं, विहिरीला कठडा आणि सभोवती बाहेर उतार असलेला ओटा बांधणं, गटार पुढे नेणं. कारखान्याचं पाणी असेल तर तारीख, जागा, फोटो यांसह महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रारीला पुढे काही आधार राहत नाही.

यानंतरही पाणी लगेच सुधारत नाही. जंतू काही आठवड्यांत कमी होतात. नायट्रेट मुरुमात आणि भेगांत भरून राहिलेलं असतं, ते उतरायला काही पावसाळे लागतात. अशी विहीर पिण्यासाठी थांबवावी, पण शेतीसाठी जरूर उपसावी, कारण त्या पाण्यात खत आहे. लिटरला ९० मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या पाण्याच्या दर दहा लाख लिटरमधून सुमारे २० किलो नत्र शेतात जातं, म्हणजे जवळजवळ युरियाची एक गोणी. हेक्टरभर रानात दहा सेंटिमीटर पाणी दिलं की दहा लाख लिटर होतात. तेवढी गोणी विकत घ्यायची नाही. पैसे वाचतात, पीक तेच नत्र उचलतं, आणि वरून नवं न पडल्याने विहिरीतलं नायट्रेट हळूहळू कमी होत जातं. दर ऑक्टोबरला नमुना तपासून आकडा वहीत लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या हंगामाचा खताचा हिशेब त्यावरूनच मांडता येतो.